पाठमोऱ्या बाई

आमच्या बाई बास्केटबॉल शिकवताना कोर्टाकडं पाठ करून उभ्या राहायच्या. हे कुणाला सांगितलं की लोकांना वाटतं, मी तिखटमीठ लावून सांगतेय. लावत नाही. कोर्टाच्या कडेला एक लिंबाचं झाड होतं. त्याच्याकडं तोंड करून, पदर खोचून, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट घालून बाई उभ्या असायच्या आणि मागं आम्ही सगळे बॉल आपटत असायचो. मध्येच त्या मान न वळवता म्हणायच्या, "मंगल, तळहात लागतोय. बोटं वापर." मंगल जागच्या जागी थांबायची, कारण खरंच तिचा तळहात लागत असायचा.

पहिले काही दिवस आम्हाला वाटलं, झाडावर कुठंतरी आरसा असणार. बाई घरी गेल्यावर आम्ही झाड सगळं तपासलं. एक जण वर चढला आणि मुंग्या चावून घेऊन खाली आला. शेवटी मीच विचारलं, कारण न विचारता राहणं मला लहानपणापासून जमत नाही. बाई म्हणाल्या, "आगं, आवाज येतो की. तळहाताचा बॉल थापटल्यावानी वाजतो, बोटांचा टणक वाजतो. कान लाव, तुलाबी येईल." मी कान लावला आणि दोन-तीन महिन्यांनी मला खरंच यायला लागलं. आज मी दौंड तालुक्यात एका शाळेत खेळ शिकवते. स्टाफरूममध्ये चहा पिताना मला बाहेरच्या आवाजावरून कळतं कोण आळशीपणा करतंय, आणि मी खिडकीतूनच त्याचं नाव घेऊन ओरडते. पोरं मला चेटकीण म्हणतात. म्हणू देत. पण पोरांकडं पाठ करून अख्खा तास उभं राहायची छाती मला अजून झालेली नाही.

आमचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज शिरूर तालुक्यात, चारी बाजूंनी उसात. बॉल कोर्टाबाहेर गेला की उसात शिरायचा आणि जो टाकेल त्यानंच पाचटात हात घालून आणायचा. बाई यवतहून स्कूटीवर यायच्या. पाय ठेवायच्या जागेत त्यांचा स्वतःचा बॉल, टॉवेलात गुंडाळलेला. त्याला त्या पाव्हणा म्हणायच्या. कुणी रागानं आपटला की, "पाव्हण्याला असं वागवत्यात व्हय?" बीपीएड कॉलेजात शिकवणारी बाई, तिकडं सेमिनारात उभी राहिली तर अस्खलित बोलायची, पण कोर्टावर पाय ठेवला की भाषा सरळ ओढ्याओघळीतली. सकाळी आमच्या आधी येऊन स्वतः खराट्यानं कोर्ट झाडायच्या. शिपाई मामा म्हणायचे, "बाई, द्या इकडं." बाई द्यायच्या नाहीत.

आता त्यांची शिकवायची तऱ्हा. बाई कधीही करून दाखवायच्या नाहीत. दुसऱ्या कुठल्याही सरांनी बॉल हातात घेतला की चार उड्या मारून दाखवतात आणि मग म्हणतात, असं करा. बाईंनी आमच्यासमोर एकदाही रिंगमध्ये बॉल टाकला नाही. कॉलेजात तर बोलबाला होता की बाईंना खेळताच येत नाही. वर आपण काही विचारलं की उलट आपल्यालाच विचारायच्या. "बाई, आधी कुठला पाय टाकू?" "तुला कुठला सोपा वाटतो?" "बाई, बॉल बोर्डाला कुठं मारू?" "चार ठिकाणी मारून बघ आन् मला येऊन सांग." मोबाईलवर परदेशातल्या खेळाडूंचे व्हिडिओ दाखवणाऱ्या एका पोराला त्या शांतपणे म्हणाल्या होत्या, "त्यो येवढा चांगला खेळतोय, मग तू कशाला घाम गाळतोस? बघत बस की."

चुन्याच्या फक्कीनं त्या कोर्टावर रिंगपासून लांब-लांब रेघा मारून ठेवायच्या. कोण कुठल्या रेघेवरून टाकणार, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. नियम एकच. "निम्म्याच्या वर पडत असतील तर तू सोप्या जागी लपून बसलीयास, मागं सर. एकबी पडत नसंल तर मिजास करतीयास, फुडं ये." पहिल्या दिवशी मी सगळ्यात लांबच्या रेघेवर जाऊन उभी राहिले आणि बॉल बोर्डापर्यंतसुद्धा पोचला नाही. बाईंची पाठ हलली. हसत होत्या.

आणि जोड्या. एकानं टाकायचं, दुसऱ्यानं नुसतं बघायचं आणि काय दिसलं ते सांगायचं. चूक हा शब्द वापरायचा नाही. "तुझं कोपर बाहेर गेलं," एवढंच म्हणायचं. वर घरचा अभ्यास म्हणून बाईंचं रोजचं एकच सांगणं: आज जे आलं ते घरी जाऊन कुणालातरी शिकवायचं. "दुसऱ्याला शिकवाय गेलं म्हंजी कळतं, आपल्याला किती आलंय."

मला मात्र डाव्या बाजूनं धावत जाऊन डाव्या हातानं बॉल टाकायचा, तो ले-अप काही केल्या जमेना. उजवीकडून जायचा, डावीकडं आलं की माझे पाय एकमेकांत अडकायचे. आमच्या घरी शेवंतीची शेती. बाईंनी एकदा मला सांगितलं, फूल खुडताना मनगट काय करतं बघ. मी घरी जाऊन मोठ्या श्रद्धेनं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, "बाई, फुलाचा आणि बॉलचा काही संबंध नाही." बाई जरा विचार करून म्हणाल्या, "खरंय. मलाबी तसंच वाटाय लागलंय." असं कबूल करणारी शिक्षिका मी त्याआधी बघितली नव्हती. तरी एक दिवस माझं डोकं फिरलंच. सतरा वेळा पडून गुडघा सोलला होता. मी बॉल टाकला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही काहीच सांगत नाही. तुम्हाला पगार कशाचा मिळतो?"

बाई तशाच झाडाकडं बघत म्हणाल्या, "गप बसायचा. लई अवघड काम हाय."

तेव्हा मला काही कळलं नाही. आता वर्गात उभी राहते, पोरगं माझ्यासमोर धडपडत असतं, उत्तर माझ्या जिभेवर आलेलं असतं, आणि ते गिळताना मला घाम फुटतो. बाई ते दिवसभर गिळायच्या.

कॉलेजात बास्केटबॉलचे दुसरे सर होते, दौंडचे. उंचपुरे, मिशा राखलेले, गळ्यात कायम शिट्टी. त्यांना आम्ही शिट्टीचे सर म्हणायचो. त्यांची रीत साधी. शिट्टी वाजली की रांग, शिट्टी वाजली की "एक, दोन, उडी", सगळ्यांचे पाय एकदम उचलणार आणि एकदम पडणार. बघायला फार देखणं. माणूस कष्टाळू आणि सरळ. बाई आणि ते एकमेकांशी अदबीनं वागायचे, पण एकाचा तास संपताना दुसरा आला की दोघंही थोडे बाजूला बघायचे.

आमच्या पहिल्या वर्षाच्या सुरुवातीलाच पुण्याहून एक मॅडम आल्या. विद्यापीठात त्यांचं संशोधन चाललं होतं, बास्केटबॉलची कौशल्यं शिकवायची कुठली पद्धत चांगली. आमच्या वर्गाच्या चिठ्ठ्या टाकून त्यांनी दोन बॅचेस केल्या. एक बाईंची, एक सरांची. वर्षाच्या शेवटी सगळ्यांची एकच चाचणी. आमच्या प्राचार्यांना हे आयतंच सापडलं. नव्या वेळापत्रकात बास्केटबॉलला एकच शिक्षक बसत होता. त्यांनी सभेत सरळ सांगून टाकलं, "बाईंची पद्धत सरस ठरली तर तास बाईंचा. फरक दिसला नाही तर सरांचा, कारण शिट्टीनं कमी वेळात जास्त मुलं तयार होतात. मग बाई शरीरशास्त्राची थिअरी घेतील." म्हणजे बाई खडूफळ्यापाशी जाणार आणि कोर्ट कायमचं सुटणार. सभेनंतर बाई कोर्टावर गेल्या आणि झाडलेलं कोर्ट त्यांनी पुन्हा झाडलं.

मी बाईंच्या बॅचमध्ये आले आणि माझा चुलतभाऊ आनंदा सरांच्या. मॅडमनी बजावलं होतं की दोन्ही बॅचेसनी कोर्टावर एकत्र यायचं नाही. बाईंनी तिथंच विचारलं, "मी पोरांना घरी शिकवाय सांगते. ते चालंल न्हवं?" मॅडम म्हणाल्या, "घरी काय करायचं ते करू द्या, हरकत नाही." त्यांची काही चूक नव्हती. त्या पुण्याच्या. त्यांच्या डोळ्यांपुढं घर म्हणजे दार लावलेला फ्लॅट.

आमच्याकडं घर म्हणजे काय सांगू. वडगाव रासाईला आमच्या आप्पांचं, म्हणजे आनंदाच्या वडलांचं, कोबा केलेलं खळं आहे, कांदा वाळवायचं. कडेला ड्रिपच्या टाकीचा लोखंडी खांब. आनंदानं वेल्डिंगवाल्याकडून सळईची रिंग करून आणली, जुन्या दाराची फळी बोर्ड म्हणून ठोकली, झालं कोर्ट. मला घरी कुणालातरी शिकवायचं होतं, तर मी समोर सापडलेल्या आनंदाला शिकवलं. मांडवगण फराट्याची आमच्या वर्गातली पोरं गाडीवर यायला लागली, ज्यांच्या घरी कुणी शिकायला तयार नव्हतं ती. दोन्ही बॅचेसची. हळूहळू बाकीचा वर्गही जमला, रोज संध्याकाळी खळं भरायचं. काकू कांदे गोळा करून बाजूला करायच्या आणि म्हणायच्या, "खेळा, पण कांदा तुडवाल तर तंगडी मोडीन."

तिथंच माझा डावा ले-अप आला. बाईंनी नाही शिकवला, सरांनीही नाही. मी आनंदाला हात कसा न्यायचा ते समजावत होते आणि तो मला म्हणाला, "तायडे, तुझा हात बरोबर हाय, पाय भलतीकडंच चाललेत. एक, दोन, उडी म्हण." मी म्हटलं आणि बॉल पडला. मी खळ्यावर बसून खुशीनं रडले.

आणि त्यानंतर डोक्यात उजेड पडला. सरांच्या बॅचला डावा हात शिकवलेलाच नव्हता. सर उजवाच घोटून घ्यायचे. आता आनंदा, मांडवगणची पोरं, सगळी डाव्या हातानं टाकायला लागली होती. चाचणीत डाव्या हातालाही गुण होते, मग फरक दिसणार कुठून?

एका रविवारी बाई स्कूटीवर आमच्याकडं आल्या. कुणीतरी सांगितलं असणार. काकूंनी चहा दिला. बाई कांद्याच्या ढिगाशेजारी पोत्यावर बसल्या आणि त्या दिवशी त्यांनी पाठ केली नाही. समोर बघत होत्या. मी जवळ जाऊन हळूच म्हणाले, "बाई, हे बंद करायला पाहिजे. दोन्ही बॅचेस सारख्या झाल्या तर तुमचं कोर्ट जाणार."

"व्हय," बाई म्हणाल्या. "जाईल."

"मग मी यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगते."

बाईंनी बशी खाली ठेवली. "त्यो आनंदा बघ. त्याला डावा हात हाय, हे त्याला आत्ता कळलंय. त्याला काय सांगणार तू? इसर म्हणून?"

बाई अंधार पडेपर्यंत बसल्या. जाताना काकूंनी दिलेले कांदे पिशवीत घेतले आणि बॉलशेजारी ठेवून निघून गेल्या. इतकं आपलं सगळं समोर जाताना दिसतंय आणि माणूस चहा पीत बघत बसतंय, हे मी जन्मात बघितलं नव्हतं. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटत होतं.

चाचणी झाली. आनंदा डावीकडून धावत गेला आणि डाव्या हातानं अलगद बॉल टाकला. त्याच्यामागं सरांची सगळी पोरं तशीच. सरांचा चेहरा आधी गोंधळला आणि मग असा फुलला की काय सांगू. प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारत होते. पोरं मान वर करून फिरत होती. हॉलमध्ये मॅडमनी निकाल सांगितला, दोन्ही पद्धतींत म्हणण्यासारखा फरक नाही. प्राचार्य म्हणाले, "मग ठरलं. जूनपासून कोर्ट सरांचं."

मी उठलेच होते. बाईंनी माझी ओढणी धरून खाली बसवलं. चांगली हिसका देऊन.

बाहेर आल्यावर मी फाडफाड बोलले. तुम्ही खरं का सांगितलं नाही, त्यांची पोरं तुमच्या पद्धतीनं शिकलीत, तुम्ही हरला नाहीत. बाई म्हणाल्या, "आन् सरांची पोरं? आज पयल्यांदा शाबासकी घेऊन चाललीत. त्यांना सांगू, ती तुमची न्हवं? एका तासासाठी?"

"तासासाठी नाही बाई, तुमच्यासाठी."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. "वाईट वाटतंय गं. खोटं कशाला बोलू. लई वाईट वाटतंय." एवढं म्हणून स्कूटी चालू केली आणि गेल्या. मला आजही वाटतं, बाईंनी तेव्हा बोलायला पाहिजे होतं, निदान त्या मॅडमसाठी तरी. त्यांची मेहनत फुकट जात होती. पण बाईंच्या जागी उभं राहून मी बोलले असते की नाही, हे मला सांगता येणार नाही.

बोलले ते सर. निकालाचा आनंद त्यांना दोन दिवससुद्धा पुरला नाही. माणूस सरळ होता म्हणाले ना. त्यांनी आनंदाला बोलावून विचारलं, "बेटा, डावा हात मी कधी शिकवला?" आनंदाला शिट्टीसमोर खोटं बोलता येत नाही. त्यानं सगळं सांगितलं. सर त्याच संध्याकाळी मोटारसायकल काढून खळ्यावर आले, कांद्याच्या ढिगाशेजारी उभे राहिले आणि पोरं एकमेकांना काय सांगतात ते ऐकत राहिले. शिट्टी गळ्यात होती, पण तिला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी ते मला आणि आनंदाला घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. बाईंनाही बोलावलं. सर उभे राहूनच म्हणाले, "साहेब, निकाल चुकलाय. माझ्या मुलांना निम्मं मी शिकवलं, निम्मं बाईंच्या मुलांनी. कोर्ट बाईंना द्या. पुण्याच्या मॅडमना मी स्वतः फोन करून सांगितलंय."

प्राचार्य बाईंकडं वळले. "बाई, तुम्हाला हे माहीत होतं?"

"व्हय. पण सर निम्मंच सांगत्यात," बाई म्हणाल्या. "माझ्या पोरांचे पाय कुणी सुधारले, ते बी सांगा की. ह्या पोरीचे पाय माझ्या हयातीत सरळ पडले नसते. सरांच्या एक-दोननं पडले."

दोघं तिथं उभे राहून एकमेकांच्या बाजूनं भांडायला लागले. सर म्हणत होते कोर्ट बाईंचं, बाई म्हणत होत्या सरांचं. प्राचार्यांनी शेवटी कपाळाला हात लावला. "दोघंही उभे राहा कोर्टावर. थिअरी मी घेतो. पण माझं डोकं खाऊ नका." मॅडम नंतर एकदा येऊन खळं बघून गेल्या. त्यांना सगळं पुन्हा पहिल्यापासून, दुसऱ्या कॉलेजात करावं लागणार होतं. पण चिडल्या नाहीत. काकूंना म्हणाल्या, "मी घर म्हणजे काय, हे आधी विचारायला पाहिजे होतं."

जूनमध्ये आमचं दुसरं वर्ष सुरू झालं. पहिल्या दिवशी दोघंही कोर्टावर. आम्ही सगळी एकाच रांगेत, बॅच वगैरे काही नाही. सरांनी सवयीनं शिट्टी तोंडात धरली आणि तशीच काढली. ते बाईंना म्हणाले, "बाई, सुरुवात कशानं करायची?" बाई म्हणाल्या, "मला काय विचारताय, सर? पोरांना विचारा." सर आमच्याकडं वळले. त्यांनी आम्हाला काही विचारायची ही पहिलीच वेळ होती. मी म्हणाले, "सर, डाव्या हातानं करू. तुम्ही आधी दाखवा."

सर सगळ्या वर्गासमोर, सरळ उभं राहून म्हणाले, "मला येत नाही. म्हणून तर कधी शिकवला नाही."

कुणी हसलं नाही. मी बाईंकडं बघितलं. वाटलं, आता तरी बाई टाकून दाखवतील. बाईंनी पदर खोचला, झाडाकडची जागा सोडली आणि सरांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"मलाबी न्हाई येत," त्या म्हणाल्या. "कवाच आला न्हाई."

जो हात त्यांना आयुष्यात एकदाही जमला नव्हता, तो त्यांनी आम्हा सगळ्यांना दिला होता. आनंदानं पुढं होऊन सरांच्या हातात बॉल ठेवला. सर आणि बाई आमच्या रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले, सर पुढं, बाई मागं, आपली पाळी यायची वाट बघत.